‘ॲडमिटन्स’ लिहायचं की ‘रेसिप्रोकल’?

संध्याकाळी इंदिरानगरला माझ्याकडे डिप्लोमाची सात-आठ मुलं एसी सर्किटची गणितं करायला येतात. बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. परवा त्यातल्या एकीने वही पुढे सरकवली. “सर, ॲडमिटन्स म्हणजे रेसिप्रोकलच ना? मग उत्तरात कुठलाही शब्द लिहिला तर चालेल?”

नाही चालणार. पुढच्या सेमिस्टरला हाच गोंधळ महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेसिप्रोकल हे दोन संख्यांमधलं नातं. शाळेत आपण त्याला गुणाकार व्यस्त म्हणायचो. ५ चा १/५, २/३ चा ३/२. हा शब्द आला की ‘कशाचा?’ हा प्रश्न लगेच येतो आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ॲडमिटन्स ही राशी आहे, सर्किट एसी प्रवाहाला किती सहज वाट देतं ते सांगणारी. तिला ‘किती?’ विचारायचं, आणि उत्तर सिमेन्समध्ये द्यायचं. इंपिडन्सचा, म्हणजे एसी प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, रेसिप्रोकल म्हणजे ॲडमिटन्स, हे खरं. पण ५० हर्ट्झचा रेसिप्रोकल घेतला तर ०.०२ सेकंद मिळतात. तो झाला एका आवर्तनाचा काळ, त्याला कुणी ॲडमिटन्स म्हणत नाही.

इंपिडन्स आणि ॲडमिटन्स ही दोन्ही नावं ऑलिव्हर हेविसाइडची, १८८६ आणि १८८७ सालची. एक प्रवाहाला अडवतं, दुसरं आत येऊ देतं. जुन्या पुस्तकांत एकक ‘म्हो’ दिसेल. इंग्रजी ‘ओहम’ची अक्षरं उलटी लावून तो शब्द केलाय. सिमेन्स हे नाव १९७१ मध्ये अधिकृत झालं.

आता त्या वहीतली चूक. इंपिडन्स दिला होता ३ + जे४ ओहम. (‘जे’ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ; ३ हा रेझिस्टन्स, जे सोबतचा ४ हा रिॲक्टन्स, म्हणजे कॉइल किंवा कपॅसिटरमुळे होणारा अडथळा.) तिने रेसिप्रोकल घेतला, पण तुकड्यातुकड्याने: कंडक्टन्स (ॲडमिटन्सचा जे नसलेला भाग) १/३, ससेप्टन्स (जे सोबतचा भाग) १/४. निम्मा वर्ग हेच करतो. रेसिप्रोकल अख्ख्या संख्येचा घ्यायचा असतो. १ भागिले (३ + जे४) म्हणजे वर-खाली (३ − जे४) ने गुणायचं, खाली ९ + १६ = २५ येतात. उत्तर ०.१२ − जे०.१६ सिमेन्स. कंडक्टन्स ०.३३ नाही, ०.१२ आहे, कारण वाटेतल्या रिॲक्टन्सचाही त्यात हात आहे. चिन्हही पालटलं, तेही बघा. इंडक्टिव्ह, म्हणजे कॉइलच्या, शाखेचा ससेप्टन्स ऋण येतो. तपासायला सोपी खूण: इंपिडन्सचं मूल्य ५, म्हणून ॲडमिटन्सचं ०.२ यायलाच हवं. ०.१२ आणि ०.१६ च्या वर्गांची बेरीज ०.०४, वर्गमूळ ०.२. जमलं.

मग ॲडमिटन्सची वाट धरायची कधी? शाखा पॅरलल असल्या की. वरच्या शाखेला ८ − जे६ ओहमची दुसरी शाखा पॅरलल जोडा. तिचा ॲडमिटन्स ०.०८ + जे०.०६. सरळ बेरीज: ०.२० − जे०.१०. २३० व्होल्टने गुणलं की प्रवाह ४६ − जे२३, म्हणजे सुमारे ५१.४ अँपिअर. दोनच शाखा असतील तर ‘गुणाकार भागिले बेरीज’ चालून जातं. तीन झाल्या की त्या सूत्राच्या नादी लागू नका. सिरीजमध्ये मात्र इंपिडन्सच बरा. पॉवर सिस्टिममध्ये लोड फ्लोला, म्हणजे जाळ्यात कुठून किती वीज वाहते ते काढायला, वाय-बस मॅट्रिक्स (ॲडमिटन्सचा तक्ता; वाय हे ॲडमिटन्सचं चिन्ह, बस म्हणजे तारा जुळण्याचा बिंदू) घेतात, त्याचंही कारण सोपं आहे. प्रत्येक बस थोड्याच बसना थेट जोडलेली असते, म्हणून मॅट्रिक्समध्ये बहुतेक जागी शून्य राहतं आणि काम हलकं होतं.

सर्किटबाहेर हे दोन शब्द एकमेकांच्या आसपासही नाहीत. अंबडच्या कारखान्यात पॅनल रूमच्या दारावर ‘नो ॲडमिटन्स’ लिहिलेलं असतं, तिथे अर्थ फक्त आत पाऊल टाकण्याचा. कॉलेजला मिळते ती ॲडमिशन. गुन्ह्याची कबुली दिली तर तीही ॲडमिशनच, ॲडमिटन्स नाही. रेसिप्रोकलचा दुसरा अर्थ परस्पर, दोन्हीकडून सारखा. लॅटिनमधला मूळ शब्द पुढेमागे हलण्याचा आहे, म्हणून पिस्टन पुढेमागे पळणाऱ्या कॉम्प्रेसरला आपण रेसिप्रोकेटिंग म्हणतो.

हा ‘परस्पर’ अर्थ तुमच्या पेपरात चोरपावलांनी येतो, टू-पोर्ट नेटवर्कच्या, म्हणजे दोन टोकांना जोडण्या असलेल्या सर्किटच्या, प्रकरणात. ‘रेसिप्रोकल नेटवर्क’ वाचून एक भागिले करायला धावू नका. इथे म्हणणं एवढंच की या टोकाला व्होल्टेज देऊन त्या टोकाला जितका प्रवाह मिळतो, तितकाच जागांची अदलाबदल केल्यावर मिळतो. दोन्ही दिशांचे ॲडमिटन्स सारखे: वाय-वन-टू बरोबर वाय-टू-वन. एकाच पानावर ॲडमिटन्स पॅरामीटर आणि रेसिप्रोकल, आणि तरीही इथे रेसिप्रोकल म्हणजे व्यस्त नाही! शिवाय वाय-वन-वन हा झेड-वन-वनचा (झेड म्हणजे इंपिडन्स) व्यस्त समजू नका. सगळा मॅट्रिक्स उलटवावा लागतो, आणि वाय-वन-वन येतो झेड-टू-टू भागिले झेड मॅट्रिक्सचा डिटरमिनंट.

मुलीने १/३ खोडलं, शेजारी ०.१२ लिहिलं आणि पुढे ‘सिमेन्स’ लिहायला विसरली. ते मी लाल पेनने लिहून दिलं.