ड्युअलसेन्स कंट्रोलरला चुंबकीय स्टिक: काम, खर्च आणि निकाल

प्लेस्टेशन ५ बरोबर येणाऱ्या ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या अंगठ्याने हलवायच्या झिजलेल्या दोन्ही स्टिक काढून त्यांच्या जागी हॉल इफेक्ट सेन्सरच्या, म्हणजे चुंबकाच्या आधारे हालचाल मोजणाऱ्या, स्टिक बसवण्याचे काम मी पुण्यात, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात बसणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतले. त्यानंतर काही महिने तो कंट्रोलर घरात रोज वापरला जात आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण हेच काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून नाशिक-कोल्हापूरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत अनेक ठिकाणी जवळपास याच पद्धतीने होते आणि वाचकाला उपयोग होईल तो कामाचा दर्जा ओळखण्याचा. माझे मत आधीच सांगतो: वॉरंटी संपलेल्या कंट्रोलरसाठी हा खर्च योग्य आहे, परंतु निकाल चांगला लागणे हे सेन्सरपेक्षा सोल्डरिंगवर, म्हणजे वितळवलेल्या धातूने भाग बोर्डला जोडण्यावर, आणि नंतरच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे स्टिकचा मध्य आणि कड नव्याने जुळवण्यावर, अधिक अवलंबून असते, आणि दुकानात नेमकी हीच दोन कामे घाईत उरकली जातात.

ज्यांना हा त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टिकला हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू हळूहळू एका बाजूला चालू लागतो किंवा कॅमेरा आपोआप वळत राहतो, याला खेळणारे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. सुरुवातीला ते क्वचित होते. मग मेन्यूमधील निवड आपोआप खाली सरकू लागते आणि शेवटी नेमबाजीच्या खेळात नेम धरणेच अशक्य होते.

याचे कारण स्टिकच्या खाली असलेल्या पेटीत आहे. प्रत्येक स्टिकला उभ्या आणि आडव्या हालचालीसाठी दोन पॉटेन्शिओमीटर असतात. त्यात कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची एक छोटी जीभ घासत फिरते आणि ती पट्टीवर कुठे टेकली आहे त्यानुसार विद्युतदाब बदलतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवण्याचे बटण फिरवताना जी खरखर ऐकू येई, ती याच रचनेच्या भागात कचरा साठल्यामुळे किंवा पट्टी झिजल्यामुळे येत असे. फरक एवढाच की रेडिओचे बटण दिवसातून दोन-चार वेळा फिरवले जाई, तर स्टिक तासाला हजारो वेळा हलते, आणि त्यातील बहुतेक हालचाल मध्यबिंदूच्या आसपास होत असल्याने पट्टीही तिथेच आधी झिजते. स्टिक सोडल्यावर जिथे ‘शून्य’ सांगितले गेले पाहिजे, नेमकी तीच जागा अविश्वसनीय होते. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारल्यावर काही दिवस बरे वाटते, कारण भुकटी धुऊन निघते. गेलेला कार्बन मात्र परत येत नाही.

हा भाग जपानच्या आल्प्स कंपनीच्या रचनेचा असून दीर्घकाळ जवळपास सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी याच जातीचे भाग वापरले आहेत. अमेरिकेतील आयफिक्सइट या दुरुस्तीविषयक संस्थेने २०२१ मध्ये ड्युअलसेन्स उघडून पाहिला, तेव्हा भागाच्या माहितीपत्रकातील वीस लाख आवर्तनांच्या आयुष्याचा आकडा घेऊन त्यांनी हिशेब मांडला होता. मिनिटाला सुमारे ऐंशी आवर्तने धरली, तर ही मर्यादा ४१७ तासांत गाठली जाते. रोज दोन तास खेळणाऱ्याचे हे सात महिनेसुद्धा होत नाहीत. याचा अर्थ त्यानंतर प्रत्येक स्टिक बिघडतेच असा नाही, आणि माझ्याकडील कंट्रोलरने याहून बराच अधिक काळ नीट साथ दिली. परंतु घासून चालणारा भाग कधी ना कधी झिजणारच, हे गृहीत धरूनच असा कंट्रोलर विकत घेतला पाहिजे.

हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये हे घासणेच काढून टाकलेले असते. हलणाऱ्या दांड्याला एक लहान चुंबक जोडलेला असतो, समोर स्थिर बसवलेला सेन्सर चुंबकीय क्षेत्र किती बदलले ते मोजतो आणि त्या प्रमाणात विद्युतदाब देतो. दोघे एकमेकांना स्पर्श करत नाहीत. यामागील भौतिकशास्त्रीय परिणाम एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधला, आणि गेमिंगमध्येही ही कल्पना नवी नाही. सेगा कंपनीने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न या गेमयंत्रासाठी काढलेल्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ च्या ड्रीमकास्ट या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये असेच सेन्सर होते. म्हणजे तंत्र ठाऊक असूनही उद्योगाने पुढची अनेक वर्षे स्वस्त कार्बनपट्टीच पसंत केली. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचा भाग हाताने काढून बदलता येतो, ही सोय उत्तमच आहे. पण बदलून जो नवा भाग बसतो तोही कार्बनपट्टीचाच. खरी हालचाल झाली ती गुलीकिट आणि एटबिटडू यांच्यासारख्या चिनी कंपन्यांकडून, आणि त्यांच्या मागोमाग सुटे चुंबकीय भाग आपल्याकडच्या बाजारात मिळू लागले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. निन्टेन्डो स्विचच्या जॉयकॉन या कंट्रोलरमध्ये स्टिक एका चपट्या रिबन केबलने जोडलेली असते, त्यामुळे योग्य स्क्रूड्रायव्हर असेल तर घरी ती बदलता येते. ड्युअलसेन्समध्ये तसे नाही. येथे प्रत्येक स्टिकची पेटी मुख्य बोर्डला चौदा ठिकाणी सोल्डर केलेली असते: दोन सेन्सरचे प्रत्येकी तीन पाय, स्टिक दाबल्यावर वाजणाऱ्या बटणाचे चार आणि पेटीला धरून ठेवणारे चार. दोन्ही स्टिक मिळून अठ्ठावीस टाके झाले. त्यांतील जे टाके बोर्डच्या आतील तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात ते उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथले सोल्डर सहज वितळत नाही. अधीर माणूस अशा वेळी पेटी ओढतो, आणि बोर्डवरील छिद्राभोवतीचा तांब्याचा कडा तिच्याबरोबर उपटून येतो. हे एकदा झाले की दुरुस्ती कठीण होते आणि अनेकदा बोर्डच टाकून द्यावा लागतो.

मी ज्या कारागिराकडे गेलो त्याच्याकडे निर्वात पोकळीने वितळलेले सोल्डर ओढून घेणारी डिसोल्डरिंग गन होती, आणि अडलेल्या टाक्यांवर त्याने कमी तापमानाला वितळणारे सोल्डर मिसळून मग ते उपसले. त्याचे हात शांत होते, जुनी पेटी कुठेही जोर न लावता सुटली, आणि नवी बसवण्यापूर्वी त्याने छिद्रे प्रकाशासमोर धरून पाहिली. त्याआधी ज्या दुकानात चौकशी केली होती तिथे ‘गरम हवेने दोन मिनिटांत काढून देतो’ असे सांगण्यात आले होते. शेजारीच प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि पातळ रिबन असताना गरम हवेचा झोत वापरणारा माणूस मला या कामासाठी नको होता. काम देण्यापूर्वी कोणते हत्यार वापरणार एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेच कळून येते.

सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे आणि तोच बहुतेक दुकानांत गाळला जातो. कारखान्यात प्रत्येक ड्युअलसेन्स तयार होताना त्याच्या मूळ स्टिकचा मध्य कोणता आणि कड कोणती, याचे आकडे मोजून कंट्रोलरच्या स्मृतीत साठवलेले असतात. नवी स्टिक बसवली, मग ती चुंबकीय असो वा साधी, की ते जुने आकडे तिला लागू पडत नाहीत. स्टिक पूर्णपणे निरोगी असूनही पडद्यावर ती किंचित डावीकडे किंवा खाली झुकलेली दिसते, आणि ग्राहकाला वाटते की नव्या भागालाही ड्रिफ्ट आला. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये साध्या ड्युअलसेन्सची स्टिक नव्याने जुळवण्याची सोय नाही, आणि म्हणूनच पूर्वीच्या चुंबकीय भागांबरोबर बारीक स्क्रू फिरवून मध्य साधण्याच्या चिमुकल्या पट्ट्या येत असत, ज्या लावणे हा आणखी एक जिकिरीचा उद्योग होता.

आता ‘ड्युअलशॉक कॅलिब्रेशन जीयूआय’ नावाचे एक मोफत साधन उपलब्ध आहे. संगणकावरील क्रोम किंवा त्याच जातीच्या ब्राउझरमध्ये ते उघडायचे, कंट्रोलर यूएसबी केबलने जोडायचा आणि सांगितल्याप्रमाणे दोन्ही स्टिक एकेका कोपऱ्यात नेऊन सोडायच्या; त्यावरून मध्य ठरतो. नंतर स्टिक कडेने गोल फिरवून पूर्ण व्याप्ती नोंदवायची आणि हे आकडे कंट्रोलरमध्ये कायमचे साठवायचे. शेवटची पायरी राहून गेली तर कंट्रोलर पुन्हा सुरू झाल्यावर जुनेच आकडे परत येतात. आमच्या कारागिराने मध्य जुळवून दिला होता, व्याप्तीचे काम मात्र मी घरी येऊन केले. त्याला कारणही होते: पहिल्याच दिवशी फुटबॉलच्या खेळात खेळाडू सरळ पुढे पूर्ण वेगाने धावे, पण तिरक्या दिशेत काहीसा मंदावे. व्याप्ती नोंदवल्यावर हा फरक नाहीसा झाला.

येथे एक बारकावा सांगायला हवा. स्टिकची गोलाई तपासणाऱ्या ऑनलाइन चाचणीत कारखान्यातून आलेला ड्युअलसेन्ससुद्धा अचूक वर्तुळ काढत नाही. त्याची रेषा वर्तुळाच्या थोडी बाहेर जाते आणि सरासरी त्रुटी साधारण आठ ते दहा टक्के दिसते. ते जाणूनबुजून ठेवलेले आहे, जेणेकरून स्टिक अगदी टोकाला न टेकताही खेळाला पूर्ण वेग मिळावा. काही विक्रेते ‘शून्य टक्के त्रुटी’ ही गुणवत्तेची खूण म्हणून मिरवतात. प्रत्यक्ष खेळताना एवढे काटेकोर वर्तुळ काही खेळांत अडचणीचे ठरते, कारण थोडी झीज किंवा थोडा कोन चुकला तरी पूर्ण वेग गाठला जात नाही. मी मूळ कंट्रोलरसारखीच थोडी सैल व्याप्ती ठेवली.

हाताला काय जाणवते? मध्याजवळची हालचाल अधिक स्वच्छ झाली आहे. दूरवरच्या लक्ष्यावर नेम धरताना स्टिक केसभर हलवली तरी ती नोंदली जाते, आणि खेळाच्या सेटिंगमधील डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा दुर्लक्षित भाग, मला अगदी कमी करता आला. झिजलेल्या स्टिकचा दोष लपवण्यासाठी तो पूर्वी वाढवत न्यावा लागला होता, आणि तो वाढला की सूक्ष्म नेम धरणे अवघड होते. स्प्रिंगचा ताण मात्र मूळ स्टिकपेक्षा किंचित जास्त आहे. आठवड्याभरात हाताला त्याची सवय झाली, पण ज्यांना हलकी स्टिक आवडते त्यांना ती खटकेल. स्टिक झटकन सोडल्यावर ती मध्य ओलांडून क्षणभर उलट दिशेला जाते, हा दोष काही चुंबकीय भागांत आढळतो. सावकाश चालणाऱ्या खेळांत तो कळत नाही, मारामारीच्या खेळांत कळू शकतो.

चुंबक झिजत नाही म्हणून स्टिक अमर झाली, असा जो प्रचार होतो त्यावर विश्वास ठेवू नये. स्प्रिंग त्याच प्रकारची, प्लॅस्टिकचे सांधे त्याच प्रकारचे, आणि स्टिक दाबल्यावर चालणारे बटणही पूर्वीसारखेच यांत्रिक आहे. झिजणाऱ्या भागांपैकी जो सर्वांत आधी जातो तो वगळला गेला, एवढेच खरे, आणि तेही पुष्कळ आहे. मोबाइलचे चुंबकीय कव्हर किंवा उघड्या स्पीकरचा चुंबक कंट्रोलरला अगदी चिकटवून ठेवू नये, हेही ओघाने आलेच.

विजेचा प्रश्नही आहे. ड्युअलसेन्सची बॅटरी मुळात १५६० एमएएच एवढीच, आणि हॉल सेन्सर साध्या पॉटेन्शिओमीटरपेक्षा अधिक वीज घेतात. माझ्याकडे चार्जमागे मिळणारा वेळ थोडा घटला आहे, फार नाही. यावर टीएमआर हा नवा प्रकार अधिक चांगला उपाय आहे. तोही चुंबकीयच, पण चुंबकीय क्षेत्रानुसार बदलणारा विद्युतरोध मोजणारा. हार्ड डिस्कचे वाचक-टोक याच तत्त्वावर चालते. तो हॉल सेन्सरपेक्षा बरीच कमी वीज घेतो आणि त्याचे मापनही अधिक सूक्ष्म असते. आज नव्याने काम करून घ्यायचे असेल तर मी थोडे अधिक पैसे देऊन टीएमआरच मागेन.

खर्चाचे बोलायचे तर भाग आणि मजुरी मिळून मला दोन हजारांच्या आतच पडले, त्यात मजुरीचा वाटा मोठा. भारतात ड्युअलसेन्स आला तेव्हा त्याची छापील किंमत ५,९९० रुपये होती, त्या तुलनेत हा खर्च नव्या कंट्रोलरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. बॅटरीही थकली असेल, ट्रिगर सैल झाले असतील, तर हिशेब बदलतो आणि नवा घेणे शहाणपणाचे ठरते. वॉरंटी शिल्लक असलेला कंट्रोलर मात्र अजिबात उघडू नये; तो अधिकृत सेवा केंद्रातच न्यावा. घरी स्वतः करण्याचा विचार असणाऱ्यांनी आधी एखाद्या मोडीत निघालेल्या बोर्डवर चौदा पायांची पेटी अखंड काढून पाहावी, आणि ती जमली तरच आपल्या कंट्रोलरला हात लावावा.

काम दुकानात देणार असाल तर पैसे चुकते करण्यापूर्वी लॅपटॉपवर चाचणी उघडून घ्यावी, दोन्ही स्टिक सोडल्यावर आकडे शून्याजवळ स्थिर राहतात ना ते पाहावे, कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तेच पुन्हा तपासावे. दोन्ही स्टिक दाबून बटणे वाजतात का, कंपने दोन्ही बाजूंना येतात का, मायक्रोफोन आणि टचपॅड चालतात का, हेही तिथेच पाहून घ्यावे, कारण कंट्रोलर उघडताना या भागांच्या रिबन सुटतात आणि परत लावताना एखादी अर्धवट बसू शकते. काढलेल्या जुन्या पेट्या मागून घ्याव्यात. त्यांच्यावरच्या टोप्या, दाबाचे बटण आणि स्प्रिंग पुढेमागे कामाला येतात.