भाषणासाठी कोण: व्हिना कूपर की ते-पुएआ?

भाचीला शाळेत माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, नेत्यांवर बोलायचंय. दोघींपैकी कोण, इथेच घोडं अडलंय.

कोवळ्या वयातलं धाडस हवं तर व्हिना. माओरींच्या वापरातल्या खाजणाच्या जमिनीत गोरा शेतकरी चर खणायचा आणि मागून व्हिना गावकऱ्यांना घेऊन ते बुजवायच्या. तेव्हा विशीही गाठली नव्हती! पुढे 1975 मध्ये, 79व्या वर्षी, जमिनीसाठी थेट राजधानी वेलिंग्टनपर्यंत मोर्चा.

ते-पुएआ माओरी राजघराण्यातल्या, म्हणजे वारशाचं बळ होतं. पण सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध, 1918च्या फ्लूच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांचा सांभाळ, नंतर न्गारुआवाहिया गावातलं तुरांगावाएवाए हे माओरी सभास्थान: ही उभारणी मला जास्त मोलाची वाटते.

वेळ थोडा असेल तर व्हिना घे. निबंध लिहायचा असेल तर ते-पुएआच.