प्रोजेक्टच्या साईटसाठी गिटहब पेजेस: वर्षभर वापरून

आम्ही पाच जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासायचं एक छोटं ओपन सोर्स टूल करतो, लिब्रेऑफिसमध्ये टाकता येतं असं. कोड लिहायला सगळे तयार, पण साईट कोण बघणार म्हटलं की सगळे गप्प. आधी साईट वर्डप्रेसवर होती, शेअर्ड होस्टिंग घेतलेलं, पासवर्ड एकाकडेच, तो नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि मग आठ महिने डाउनलोडच्या पानावर जुनंच व्हर्जन पडून होतं, लोक ते उतरवून घ्यायचे आणि चालत नाही म्हणून आम्हाला मेल करायचे. फार वाईट वाटायचं, कारण टूल तोपर्यंत बरंच सुधारलं होतं. शेवटी मागच्या पावसाळ्यात दोन रविवार कोथरूडला माझ्या घरी बसलो आणि सगळं गिटहब पेजेसवर हलवलं, म्हणजे आमचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबचीच साईट चालवायची सोय.

फुकट आहे हे तर आहेच, पण मला जास्त मोल वाटतं ते साईट कोडच्या शेजारीच राहते याचं. चिंचवडच्या एक काकू आहेत, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, त्यांनी कधी उघडलेलं नाही, पण ब्राउझरमध्येच पेन्सिलचं बटण दाबून मार्कडाउनमधले (साध्या खुणांनी लिहिलेल्या पानाच्या मजकुरातले) ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, आमच्याकडे पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती येते, आम्ही तो मर्ज करतो, म्हणजे मूळ फाइलीत घेतो आणि एक-दोन मिनिटांत पान बदललेलं असतं. शुद्धलेखनाच्या टूलच्या साईटवरच चुका असणं किती लाजिरवाणं, ते काकूंमुळे थांबलं.

मजकुरापासून साईटची पानं बनवणारं जेकिल पेजेसमध्ये आतूनच येतं पण ते ज्या भाषेत आहे ती रुबी आमच्यात कोणालाच येत नव्हती, म्हणून तसंच काम करणारं ह्युगो घेतलं, एक फाइल उतरवली की काम सुरू, आणि गुरुवारी लाईट-नेट दोन्ही गेलं तरी लॅपटॉपवर पूर्ण साईट चालवून बघता येते.

अडलो कुठे ते सांगतो. स्वतःचं डोमेन लावेपर्यंत पत्त्यात शेवटी स्लॅश देऊन रिपॉझिटरीचं (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचं) नाव येतं, ते ह्युगोच्या सेटिंगमधल्या बेसयूआरएलमध्ये, म्हणजे साईटच्या मूळ पत्त्यात, नीट घातलं नाही तर सीएसएस, म्हणजे रंगरूपाची फाइल, सापडत नाही आणि पान नुसतं पांढऱ्यावर काळं दिसतं, यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. दुसरं म्हणजे पानांचे पत्ते देवनागरीत ठेवू नका. मलाही आधी वाटलं होतं की मराठी प्रोजेक्ट आहे तर पत्तापण मराठीत हवा, पण लिंक कॉपी केली की देवनागरीतल्या एकेका चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं होतात, म्हणजे नुसत्या ‘शुद्धलेखन’ शब्दाची ८१! व्हॉट्सॲपवर ती लिंक बघून कोणी दाबेना. मजकूर मात्र मराठीच, आणि एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड एमआर टाकाच, त्याने मुक्तासारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. हे छोटं वाटेल पण मराठी वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मर्यादा आहेत. साईट १ जीबीच्या आत ठेवायची, महिन्याला साधारण १०० जीबी ट्रॅफिक, आणि फुकटच्या खात्यावर रिपॉझिटरी सगळ्यांना खुली पाहिजे, आपलं कामच ओपन सोर्स म्हटल्यावर त्याची अडचण नाही. डाउनलोडच्या फाइली आम्ही गिटहबच्याच रिलीजेस या वेगळ्या विभागात ठेवतो, साईटवर फक्त लिंक. पीएचपीसारखा सर्व्हरवर चालणारा कोड चालत नाही त्यामुळे संपर्काचा फॉर्म गेला, साधा ईमेल दिलाय. कोण कधी आलं याची नोंद, म्हणजे सर्व्हर लॉगही मिळत नाही, एक स्टार त्यासाठी कमी, ५ पैकी ४.

डोमेनचे पैसे तेवढे दरवर्षी भरावे लागतात, त्याचं लॉगिन आता दोघांकडे आहे. आणि डोमेन लावायच्या आधी गिटहबच्या सेटिंगमध्ये ते व्हेरिफाय करून घ्या, डीएनएसमध्ये (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये) डोमेन आपलंच आहे हे दाखवणारा एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद, टाकायचा असतो, नाहीतर कधी साईट बंद केली आणि डीएनएस तसंच राहिलं तर दुसरा कोणीही तुमच्या डोमेनवर स्वतःची साईट चढवू शकतो.