‘डेबाकल’पाशी अडलेला कोश : इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या एका ॲपविषयी

दापोलीत राहून इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे गेल्या जूनमध्ये मी एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही एकदमच जातात. अशा वेळीही संपूर्ण कोश इंटरनेटशिवाय उघडतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. अक्षर ठळक आहे आणि शब्दही झटकन सापडतो.

माझी तक्रार अर्थांविषयी आहे, आणि ती ‘डेबाकल’ या एकाच नोंदीवरून नीट सांगता येईल. तिथे ‘पराभव, अपयश, गोंधळ, विनाश’ असे चार शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडले आहेत. वापराचे एकही उदाहरण नाही आणि व्युत्पत्तीही नाही. वास्तविक मूळ कळल्याशिवाय हा शब्द हाती लागत नाही. ज्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ अडसर काढणे असा आहे, आणि नदीवर गोठलेला बर्फ फुटून तुंबलेले पाणी एकाएकी लोंढ्याने सुटते, त्याला फ्रेंचमध्ये हा शब्द वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो इंग्रजीत आला, तेव्हा दगडधोंडे वाहून नेणाऱ्या प्रचंड पुरालाही भूशास्त्रात तो लावीत असत. कोकणातल्या नद्या गोठत नाहीत; पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, हे ज्यांना आठवते त्यांना अडलेले पाणी सुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही. ‘अपयश’ या शब्दात तो अचानकपणा नाही, आणि ‘गोंधळ’ तर फारच सौम्य आहे.

मराठीत अशा शब्दांची वानवा नाही, मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, ती दाणादाण. लग्नात दुसऱ्या पंगतीलाच भात संपला, वाढपी आणि आचारी एकमेकांना शोधत राहिले, की व्यवस्थेचा बोजवारा उडतो. गाजावाजा करून आखलेला बेत चारचौघांत फसला, तर फज्जा. या तिन्ही ठिकाणी ‘डेबाकल’ चालेल. परंतु ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आंजर्ले-केळशीकडच्या नारळी-पोफळीच्या बागांची झाली ती वाताहत. तिथे कोणाचा बेत फसला नव्हता, म्हणून तिला फज्जा म्हटलेले कोणाही बागायतदाराच्या जिव्हारी लागेल. हा भेद दाखवणे हेच द्वैभाषिक कोशाचे खरे काम आहे, असे मी मानते.

शाळेतल्या मुलांना धडा वाचताना अडलेला शब्द पाहण्यासाठी हे ॲप मी जरूर सुचवीन. भाषांतर करणाऱ्यांनी मात्र वर्गणी भरण्यापूर्वी मोफत मिळणाऱ्या आठवड्यात आपल्याला नेहमी अडवणारे पाच-सहा शब्द तपासून घ्यावेत. वरील उदाहरणांसह सुधारणेची सूचना मी ऑगस्टमध्येच ॲपमधून पाठवली होती, आणि पुढील आवृत्तीत विचार करू असे उत्तरही आले. दिवाळीत नवी आवृत्ती आली. नोंद आहे तशीच आहे.