बंद माळवदी घर आणि कॅननची १०-१८ मिमी लेन्स

पुसेगावच्या पुढे, खटाव तालुक्यातील एका मळ्यात, गेली तीसेक वर्षे बंद असलेले एक माळवदी घर आहे. घराचे मालक गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दक्षिणेत गेले आणि तिकडेच स्थिरावले. किल्ली भावकीतील एका काकांकडे असते. मालकांची फोनवरून रीतसर परवानगी घेऊन आम्ही चौघे मित्र साताऱ्याहून पहाटेच निघालो. दिवसभरातील जवळजवळ सगळी छायाचित्रे मी कॅननच्या ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम या एकाच लेन्सने काढली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

ही लेन्स २०१४ साली बाजारात आली. तिचे वजन अवघे २४० ग्रॅम असून ती फक्त एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेली आहे. फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात तिचा पल्ला साधारण १६ ते २९ मिमी भरतो आणि १० मिमीवर ती कर्णरेषेत सुमारे १०७ अंशांचा कोन टिपते.

या कोनाचे खरे मोल मला त्या घराच्या उंबरठ्यावर कळले. माळवद म्हणजे तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्याची डागडुजी झाली नाही, तर पाणी मुरून लाकूड कुजते आणि मातीचा सगळा भार त्या कुजक्या लाकडावर तसाच राहतो. काकांनी दार उघडतानाच बजावले, "आत जाऊ नगा, पाव्हणं. वरची माती कवा बसंल, सांगता यायचं न्हाई." त्यामुळे माजघरात पाऊल न टाकता जे मिळेल तेच घ्यायचे ठरले. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सच्या १८ मिमीवर दारातून निम्मे माजघरही येत नव्हते. १० मिमीवर मात्र चारही खांब, दोन्ही कोनाडे आणि चुलीमागची काळवंडलेली भिंत एकाच चौकटीत आली. पडक्या वास्तूंची छायाचित्रे काढणाऱ्यांनी ही लेन्स घ्यावी, असे मी म्हणतो ते प्रामुख्याने याच कारणासाठी: चांगल्या चित्राच्या मोहाने धोक्याच्या छताखाली जाण्याची वेळ ती येऊ देत नाही.

आत उजेड होता तो फक्त माळवदाला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उतरणारा. भाड्याने आणलेल्या ट्रायपॉडच्या एका पायाची पकड ऐन वेळी सुटली आणि सगळे हातानेच टिपावे लागले. अशा वेळी लेन्समधील कंपन-रोधक यंत्रणेने (नावातील 'आयएस' ते हेच) फार मोठी साथ दिली. १० मिमी, एफ/४.५, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० आणि सेकंदाचा आठवा भाग, एवढ्यावर दहापैकी सात-आठ चित्रे स्वच्छ आली. अर्थात ही यंत्रणा हाताची थरथर सावरते, समोरच्या वस्तूची हालचाल थांबवत नाही. तुळईवरून उडालेले पारवे पुसटच आले. एफ/४.५ पेक्षा मोठे, म्हणजे अधिक उजेड आत घेणारे, छिद्र या लेन्सला नाही, हे घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. शिवाय इतक्या रुंद कोनात कॅमेरा थोडा जरी वर कलला, तरी खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसतात, म्हणून स्क्रीनवरील जाळी चालू ठेवून कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरावा.

माझे सर्वांत आवडते चित्र उंबरठ्याशीच मिळाले. तिथल्या जाड भिंतीत बळदाचे, म्हणजे धान्य साठवण्याच्या पोकळीचे, तोंड आहे, आणि त्याच्या कडेला कोणी तरी धान्य भरताना गेरूने ओढलेल्या पायल्यांच्या (धान्याच्या मापांच्या) रेघा आहेत. चार उभ्या, पाचवी आडवी. ही लेन्स २२ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, त्यामुळे गेरूचे उडालेले पोपडे मोजता येतील इतक्या जवळून त्या रेघा टिपल्या, आणि मागे अख्खे माजघरही दिसत राहिले.

माणसांच्या चित्रांसाठी मात्र १० मिमी टाळावे, कारण कडेला आलेला चेहरा ताणला जातो. निघताना काकांनी दारात आपला एक फोटो मागितला. मी १८ मिमीवर येऊन त्यांना बरोबर मध्यभागी उभे केले. त्यांनी टोपी काढली, तिच्यावरची माती झटकली, पुन्हा नीट घातली आणि मग मान हलवून सांगितले, "आता काढा."