बीपी १३४/८६ आलंय, गोळी चालू करायची का? अमेरिका आणि युरोपच्या नियमांत फरक काय

१३० ते १४० च्या मधे बीपी अडकलंय आणि गोळीचं ठरत नाहीये, त्यांच्यासाठी लिहितोय. कारण तेच रीडिंग अमेरिकेतल्या मुलाला दाखवलं तर तो घाबरून फोन करतो आणि इथले डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, बघू. दोघंही चूक नाहीत, नियमच वेगळेत.

अमेरिकेने २०१७ मधे १३०/८० पासूनच हायपरटेन्शन (म्हणजे हाय बीपीचा आजार) म्हणायला सुरुवात केली, २०२५ च्या नव्या गाइडलाइनमधेही तेच आहे. युरोपात (२०२३ आणि २०२४ च्या दोन्ही गाइडलाइनमधे) आकडा १४०/९० च, फक्त २०२४ मधे १२०/७० पासून पुढे 'वाढलेलं बीपी' असा मधला गट आला. आपल्या सरकारी दवाखान्यांतला इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हसुद्धा १४०/९० धरूनच चालतो.

पण नावावरून ठरवू नका. डायबेटिस असेल, किडनीचा त्रास असेल, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेला असेल तर १३०/८० च्या वर अमेरिका लगेच गोळी देते, युरोप (२०२४) तीन महिने खाणंपिणं-व्यायाम करून बघतो आणि मग देतो, म्हणजे शेवटी दोघं एकाच ठिकाणी येतात. खरा फरक पडतो तो बाकी काहीच आजार नसलेल्या, कमी रिस्कच्या (पुढे अटॅक-स्ट्रोकची शक्यता कमी असलेल्या) माणसाला. तीन ते सहा महिन्यांत आकडा उतरला नाही तर अमेरिका म्हणते गोळी घ्या, युरोप म्हणतो १४० पर्यंत थांबा. अशा माणसाने सहा महिने मनापासून प्रयत्न करून मग ठरवावं असं मला वाटतं, पण घरात कमी वयात अटॅकची हिस्ट्री असेल तर मी अमेरिकेच्या बाजूने झुकेन.

बीपी किती खाली आणायचं हा वाद २०१५ च्या स्प्रिंट या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमुळे पेटला. वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात अटॅक, हार्ट फेल्युअर वगैरे साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले, पण चक्कर आणि किडनीच्या तक्रारी वाढल्या, शिवाय त्यात डायबेटिसवाले घेतलेच नव्हते. म्हणून आईवडिलांसाठी मला २०२३ चा युरोपचा नियम जास्त पटतो: ६५ ते ७९ ला आधी १४० च्या खाली, सोसलं तर १३० च्या खाली, ८० नंतर १४० ते १५० पण चालेल. उठताना तोल जाणाऱ्या आजीला १२० वर आणायचा हट्ट नको, पडून खुब्याचं हाड मोडलं की सगळंच अवघड होतं.

आणि हो, बाजारात मिळणारं पोटॅशियमवालं मीठ किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन (बीपीची एक गोळी) चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका.

डॉक्टरकडे जायच्या आधी आठवडाभर घरीच मोजा, पाच मिनिटं शांत बसून, उघड्या दंडावर, सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. युरोपच्या हिशेबात घरची सरासरी १३५/८५ म्हणजेच दवाखान्यातलं १४०/९०, त्यामुळे आकडे घरचे की दवाखान्यातले ते कागदावर नक्की लिहा.