रूमवर स्वयंपाकासाठी घेतलेली तीन पुस्तकं: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच ठेवावं

गेल्या जूनमध्ये आमची मेस अचानक बंद झाली आणि आम्ही तिघं रत्नागिरीत रूमवर स्वतःच बनवायला लागलो. मी गुहागरचा, एक देवगडचा आणि एक साताऱ्याचा, तिघांनाही चहा आणि मॅगीपलीकडे काही येत नव्हतं. सामान म्हणजे एक इंडक्शन, एक कढई आणि घरून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर, जो इंडक्शनवर तापतच नाही हे आम्हाला तो ठेवल्यावर कळलं. व्हिडिओ बघून करा म्हणतात लोक, पण कणकेच्या हाताने फोन पुसत पुसत मागे-पुढे करणं, त्यात पावसात नेट जाणं, नको वाटतं. म्हणून पुस्तकं घेतली, तीन. आता वर्ष झालं तर लिहितो.

पहिलं ऑनलाइन मागवलं, खास विद्यार्थ्यांसाठी वगैरे लिहिलेलं, ४२० रुपये. फोटो एक नंबर. पण आत अर्ध्या पदार्थांना ओव्हन लागतो, उरलेल्यांना चीज, आणि प्रत्येक माप चार माणसांचं. ज्याच्याकडे एकच कढई आहे त्याला व्हाइट सॉस आधी करून बाजूला ठेवा म्हणजे कशात ठेवू? त्यातलं एकच पान कामाचं निघालं, अंडी उकडायचं, उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं ठेवली तर बलक मऊ, दहा-बारा मिनिटं ठेवली तर कडक. तेवढ्यासाठी ४२० जास्त होतात. सध्या ते टेबलाच्या आखूड पायाखाली आहे, तिथे मात्र चोख काम करतं.

दुसरं कमलाबाई ओगले यांचं रुचिरा. १९७० साली आलेलं पुस्तक, लाखाच्या वर प्रती खपल्यात, बहुतेकांच्या घरी पिवळी पडलेली एक प्रत असतेच, मला वाटायचं हे आईलोकांचं. पण यात मापं वाटी-चमच्यात आहेत आणि ही गोष्ट किती मोठी आहे ते रूमवर राहिल्याशिवाय कळत नाही. तराजू कुठून आणणार? आणि वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही, एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वाटी वापरायची बस, प्रमाण बरोबर येतं. आमच्या सातारकराने पहिल्या दिवशी रवा एका वाटीने आणि पाणी स्टीलच्या पेल्याने मोजलं होतं, तो उपमा आम्ही चमच्याने नाही, पिऊन संपवला. पोहे, उपमा, आमटी, उसळी, कोशिंबिरी यासाठी डोळे झाकून घ्या. फक्त जाडजूड आहे, सगळं वाचत बसू नका, दहा पदार्थ निवडा आणि तेच महिनाभर करा. माशासाठी मी ते उघडत नाही.

मासे म्हटल्यावर तिसरं. बचत गटाच्या स्टॉलवर घेतलेली ६० रुपयांची पिना मारलेली पुस्तिका, सगळे मालवणी पदार्थ. चवीला तिघांत हीच पहिली, पण लिहिणाऱ्या बाईंनी धरून चाललंय की वाचणारा मालवणातच जन्मलाय. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घाला म्हणे, किती, कशी, काही नाही. आम्ही आतल्या काळ्या बियांसकट मिक्सरमधून काढली, कडू जहर झालं. खालच्या काकूंनी सांगितलं की बी काढून टाकायची, टरफलं नुसती ठेचून शेवटी टाकायची आणि ताटात आली की बाजूला सारायची, चावायची नाहीत. वर म्हणाल्या, "आणि डाव नको रे घालूस त्यात, भांडंच धरून हलव, नायतर मोडंल तो." या दोन ओळी पुस्तिकेत असत्या तर तीन बांगडे वाचले असते.

तरी सुरुवातीचे दोन महिने आम्हाला जगवलं याच पुस्तिकेने. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजं मिळेल ते महाग, मग सुकट आणि कुळीथ. कुळथाच्या पिठीचं पान तर मी फोटो काढून सगळ्यांना पाठवलंय, तीन मोठे चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचं (गरम पाण्यात टाकलं की गोळे होतात, आम्ही खाल्लेत), लसणीची फोडणी, एकूण अडीच-तीन वाट्या पाणी, उकळी येईस्तोवर ढवळत राहायचं आणि अगदी शेवटी दोन आमसुलं. पंधरा मिनिटांत जेवण, भाताबरोबर तिघांना पुरतं.

आमसुलावरून आठवलं. दुकानात पुस्तक चाळताना आता मी आधी आमटीचं पान उघडतो. आंबट कधी घालायचं हे लिहिलंय का ते बघायचं, आणि का ते लिहिलं असेल तर लगेच घ्यायचं. आम्ही एकदा तूरडाळीतच आमसुलं टाकून कुकर लावला होता, सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ टचटचीत, कारण आंबट असलं की डाळ शिजायला वेळ घेते. हे ज्याला येतं त्याला सांगावंच लागत नाही, आणि बरीच पुस्तकं त्याच्यासाठीच लिहिलेली असतात. नुसतं तीन शिट्ट्या करा असं लिहिलेलं असेल तर त्याचाही फार भरवसा धरू नका, प्रत्येकाचा कुकर वेगळा.

एकाचेच पैसे असतील तर रुचिरा घ्या, नवीन महाग वाटलं तर घरची जुनी प्रत उचला. ६० रुपयांची पुस्तिका तिघांत एक पुरे, शेजारी काकू असतील तरच. आणि कुठलंही घेतलंत तरी भाताच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवा: वाटीला दोन वाट्या पाणी हे साध्या तांदळाचं माप आहे, उकड्याला नाही. देवगडहून आलेला उकडा तांदूळ आम्ही तसाच लावला आणि मधोमध कणी राहिली. आता दोन तास भिजवतो आणि वाटीला तीन वाट्या घालतो, आमच्या नव्या कुकरला तेवढं बरोबर बसतं.